सायगॉनचं वॉर रेम्नंट्स म्युझियम: एका जुन्या तोपचीचा अभिप्राय

व्हिएतनामला जाणाऱ्या मराठी मंडळींची आता एवढी गर्दी झाली आहे की सायगॉनच्या फुटपाथवर "अगं, पाण्याची बाटली कुणाकडे दिलीस?" असं कानावर पडतं. (सरकारी नाव हो ची मिन्ह सिटी. तिथले लोक बोलताना सायगॉनच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो.) या सगळ्यांच्या टूरमध्ये वॉर रेम्नंट्स म्युझियम असतंच. आमच्याही होतं. टूर कंपनीने, नाव घेत नाही, त्याला पाऊण तास दिला होता आणि नंतर बाजारात खरेदीला अडीच तास. पाऊण तासात अंगणातल्या हेलिकॉप्टरसमोर फोटो काढून होतात, बाकी काही नाही. मी, माझा भाचा आणि ग्रुपमधल्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एक मॅडम, असे तिघं खरेदीवर पाणी सोडून तिथेच थांबलो आणि म्युझियम बंद व्हायची वेळ येईपर्यंत वाद घालत राहिलो. तेव्हा हा अभिप्राय म्युझियमचा आहे, आणि थोडा त्या वादाचाही.

मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गाव सातारा जिल्ह्यातलं. नोकरीतली बरीच वर्षं ओपीवर (निरीक्षण चौकीवर) गेली, म्हणजे तोफांच्या बऱ्याच पुढे, गोळा पडताना जिथून दिसतो तिथे बसून, वायरलेसवर नेमातली दुरुस्ती सांगणाऱ्या साहेबाबरोबर. हे बढाई म्हणून सांगत नाही. या म्युझियममध्ये जे मेलेले नागरिक भिंतीवर आहेत त्यांतले पुष्कळ तोफेने आणि विमानाने मेलेत, मारणाऱ्याला न दिसता. माझी नजर तिकडेच जाणार, हे वाचणाऱ्याने धरून चालावं.

आधी कामाच्या गोष्टी. व्हो व्हान तान नावाच्या रस्त्यावर, जुन्या डिस्ट्रिक्ट 3 मध्ये. सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. तिकीट 40,000 डोंग. आकडा बघून दचकू नका, दीडशे रुपयांच्या आतच आहे. तीन मजले. रीयुनिफिकेशन पॅलेस तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, दोन्ही एकाच दिवशी होतात.

इमारत पूर्वी अमेरिकेच्या माहिती खात्याची होती. सायगॉन ही अमेरिकेच्या पाठिंब्यावरच्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी. 30 एप्रिल 1975 ला ती उत्तरेच्या कम्युनिस्टांच्या हाती पडली आणि 4 सप्टेंबरला इथे प्रदर्शन उघडलं, 'अमेरिका आणि तिच्या बाहुल्या सरकारचे गुन्हे' अशा नावाने. 1990 मध्ये नावातून अमेरिका गेली. 1995 मध्ये दोन्ही देशांचे संबंध जुळले आणि सध्याचं गुळगुळीत नाव आलं. मॅडम दारातच म्हणाल्या, "पाटी बदललीय, आतली मांडणी किती बदललीय ते बघू."

अंगणात सगळी अमेरिकन सामग्री उभी आहे. ह्यूई आणि शिनूक हेलिकॉप्टर, एफ-5 विमान, एम-48 रणगाडा. पोरंटोरं त्यांच्यापुढे बोटांनी 'व्ही' करून उभी असतात. मी गेलो 175 मिलिमीटरच्या एम-107 तोफेकडे. नळी एवढी लांब की बाकी गाडी तिच्यापुढे खुजी वाटते. एक गोळा सदुसष्ट किलोच्या आसपास, मारा बत्तीस किलोमीटर. पुण्यातून डागला तर तळेगावात पडेल. भाचा हिंजवडीत कॉम्प्युटरवर असतो. त्याने विचारलं, "मामा, एवढ्या लांबचं दिसतं कसं?"

दिसत नाही, हेच उत्तर. तोफेवरच्या पोरांना आकडे दिसतात. दिशा, उंची, चार्ज (दारू किती भरायची ते). पुढे कोणीतरी दुर्बीण घेऊन बसलेलं असेल तर त्याला दिसतं, आणि तो "थांबा" म्हणू शकतो. पण व्हिएतनाममध्ये अमेरिकन तोफखान्याच्या गोळ्यांचा फार मोठा हिस्सा असा डागला गेला की बघणारा कोणी नव्हताच. रात्री नकाशावर पायवाटांचा तिठा, ओढ्याचा उतार, जंगलातली मोकळी जागा अशी ठिकाणं निवडायची आणि शत्रू कदाचित तिथून जात असेल म्हणून अधूनमधून गोळे टाकत राहायचं. एच अँड आय फायर म्हणायचे त्याला, म्हणजे शत्रूला सतावायचं आणि त्याची वाट अडवायची. सकाळी तिठ्यावर कोण पडलंय हे बघायला कोणी जाईलच असं नाही.

त्याच्या जोडीला 'फ्री फायर झोन'. एखादा भाग ठरवायचा, विमानातून पत्रकं टाकायची, लाउडस्पीकरवरून गाव सोडायला सांगायचं, दक्षिण व्हिएतनामी प्रांतप्रमुखाची मंजुरी घ्यायची. त्यानंतर आत जो राहिला तो शत्रू. भाच्याला हे ऐकून बरंच पटलं. "सूचना दिली होती ना? मग थांबले कशाला?"

आता हा प्रश्न शहरात वाढलेला माणूसच विचारू शकतो. भात कापणीला आलेलं आहे, घरात हलता न येणारी म्हातारी आहे, वाडवडिलांच्या समाध्या शेतातच आहेत (व्हिएतनामी खेड्यात त्या तशाच असतात, बसमधून जाताना दिसतात), आणि जायचं ते तारेच्या कुंपणातल्या छावणीत. कोण जाईल? आणि गेला नाही म्हणून तो सैनिक कसा झाला?

त्याला मी देवळालीचं सांगितलं. तोफखान्याची शाळा तिथे आहे, आम्ही सगळे तिथून गेलेलो. फायरिंग रेंजच्या हद्दीवर लाल झेंडे लागतात, सेंट्री उभे राहतात, गावांना आधी कळवलेलं असतं. तरी कोणीतरी येतंच. कोणी गोळ्यांचं भंगार वेचायला, कोणी मेंढरं घेऊन. एक धनगर दुर्बिणीत दिसला की वायरलेसवर "स्टॉप". अख्खी बॅटरी थांबते. साहेब घड्याळ बघत बसतात, कोणीतरी पळत जाऊन त्याला बाहेर काढतं, जाता जाता तोच आपल्याला चार शिव्या हासडतो, मग काम पुढे सुरू. त्यालाही सूचना दिलेलीच होती. सूचना दिली म्हणून आम्ही त्याच्यावर गोळा टाकला नाही, आणि कोणी टाकावा असं म्हणणारा वेड्यात निघाला असता.

"ती रेंज आहे मामा, लढाई नाही," भाचा म्हणाला. बरोबर आहे. लढाईत धनगर मरू शकतो, हे मी नाकारत नाही. त्याला आधीपासून शून्य धरून नकाशा आखायचा का, एवढाच माझा प्रश्न.

मॅडमनी कायद्याची बाजू सांगितली. नागरिक आणि सैनिक वेगळे ओळखायचे, हल्ल्यातून मिळणाऱ्या लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांचं नुकसान बेसुमार होऊ द्यायचं नाही, अख्ख्या वस्तीला एकच लक्ष्य मानायचं नाही, हे सगळं स्पष्ट शब्दांत लेखी आलं ते 1977 मध्ये, जिनिव्हा करारांच्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये. म्हणजे हे युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी, आणि बऱ्याच अंशी याच युद्धातून शिकून. व्हिएतनामने तो 1981 मध्ये मान्य केला. अमेरिकेने सही केली, पण मान्यता आजवर दिलेली नाही. भारतही त्यात नाही. हे शेवटचं ऐकून भाचा गप्प झाला आणि मी गाईडकडे बघायला लागलो.

पहिल्या मजल्यावर युद्धगुन्ह्यांचं दालन. इथे माय लायचे फोटो आहेत, खुद्द अमेरिकन लष्कराच्या छायाचित्रकाराने काढलेले. 16 मार्च 1968. क्वांग न्गाय प्रांतातलं सोन मी गाव, माय लाय ही त्यातली वाडी, अमेरिकन सैन्याची चार्ली कंपनी. व्हिएतनामी मोजणीप्रमाणे 504 मेले, अमेरिकन लष्कराच्या मोजणीप्रमाणे 347. बायका, म्हातारे, तान्ही मुलं. समोरून गोळीबार झालाच नव्हता. लष्कराने वर्षभर दाबून ठेवलं. नोव्हेंबर 1969 मध्ये वर्तमानपत्रांत आलं.

या फोटोंसमोर तुम्ही किती वेळ उभे राहू शकता ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्या ग्रुपमधल्या दोघी बाहेर जाऊन बसल्या. भाच्याने मात्र जे बोलायचं ते बोललं, आणि मला त्याचं कौतुक वाटतं, कारण बरेच जण मनात तेच म्हणतात आणि तोंडाने "अरेरे" म्हणतात. तो म्हणाला, "त्या कंपनीची माणसं आधीचे कित्येक दिवस सुरुंगांनी उडत होती. गावकऱ्यांना सुरुंग कुठेत ते माहीत असणार. सांगत नव्हते. म्हणजे सामीलच की."

मलाही राग आला असता. शेजारच्या जवानाचा पाय उडालेला बघितल्यावर गावातल्या हसणाऱ्या पोराचाही संशय येतो, हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पण त्याच सकाळी, त्याच गावावर, त्याच सैन्याचा एक हेलिकॉप्टर पायलट होता. ह्यू थॉम्पसन. त्याने वरून खंदकात पडलेली प्रेतं पाहिली, पळणारे गावकरी आणि त्यांच्यामागे येणारे आपले जवान पाहिले, आणि हेलिकॉप्टर दोघांच्या मधे उतरवलं. आपल्या दोघा साथीदारांना, कोलबर्न आणि अँड्रिओटा यांना, सांगितलं: आपल्या लोकांनी गावकऱ्यांवर गोळी झाडली तर तुम्ही आपल्या लोकांवर झाडा. गावकऱ्यांना दुसऱ्या हेलिकॉप्टरांतून बाहेर काढलं. अँड्रिओटाने प्रेतांच्या खंदकात उतरून एक जिवंत मूल काढलं. तीनएक आठवड्यांनी तो स्वतः लढाईत मेला.

ज्या लेफ्टनंटला शिक्षा झाली तो विल्यम कॅली आणि हा थॉम्पसन, दोघेही 1943 मध्ये जन्मलेले. त्या दिवशी दोघेही चोवीस वर्षांचे. वर्दी एक, लढाई एक, शत्रू एक. "राग येतो" हे कारण दोघांनाही लागू होतं.

पुढचा भाग जास्त कडू आहे. 1971 मध्ये कॅलीला 22 खुनांसाठी जन्मठेप झाली. देशभर त्याच्या बाजूने काहूर माजलं. जॉर्जियाचे तेव्हाचे गव्हर्नर जिमी कार्टर, पुढे शांततेचं नोबेल मिळालेले, यांनी लोकांना त्याच्या पाठिंब्यासाठी दिवसाढवळ्या गाडीचे दिवे लावून फिरायला सांगितलं. राष्ट्राध्यक्ष निक्सनने त्याला लगेच तुरुंगातून काढून घरात नजरकैदेत ठेवायला लावलं. साडेतीन वर्षांच्या आसपास, तीही बहुतेक क्वार्टरमध्येच, की सुटला. त्याचा कॅप्टन मेडिना निर्दोष ठरला. बाकी कोणालाच शिक्षा नाही. आणि थॉम्पसनला? धमक्यांची पत्रं. संसदेच्या संरक्षण समितीच्या अध्यक्षांनी तर शिक्षा व्हायचीच तर ती थॉम्पसनला व्हावी असा सूर लावला होता. त्याला त्या कामाचं मेडल मिळालं 1998 मध्ये. तीस वर्षं.

त्याच दालनात सिमेंटच्या सांडपाण्याच्या नळाचा एक तुकडा ठेवला आहे. माणूस आत वाकूनसुद्धा जाणार नाही, एवढा. मूल जाईल. तो थान्ह फोंग गावचा. 25 फेब्रुवारी 1969 च्या रात्री अमेरिकन नौदलाची सील (कमांडो) तुकडी तिथे गेली. तीन मुलं या नळात लपली होती आणि त्यांना तिथून ओढून मारलं, असं बाजूचा फलक सांगतो. तुकडीचा प्रमुख बॉब केरी पुढे नेब्रास्काचा गव्हर्नर आणि सिनेटर झाला. 2001 मध्ये हे प्रकरण बाहेर आलं तेव्हा तो म्हणाला, अंधारात आमच्यावर गोळ्या आल्या, आम्ही उलट झाडल्या, मग बघितलं तर सगळे नागरिक. त्याच्याच तुकडीतला एक जण म्हणाला, तसं नाही, त्यांना गोळा करून मारलं.

म्युझियमने एकच बाजू लिहिली आहे. मला इथे दोन्ही हव्या होत्या. शेवटी दोन्ही खऱ्या ठरतील असं नाही, पण अंधारात काय झालं याचा निवाडा करताना वाद कुठे आहे ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे. मॅडम म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, मेलेल्या मुलांच्या गावाकडून तुम्ही मारणाऱ्याची बाजू मागताय." मी म्हटलं, हो. कोर्ट मार्शलमध्येही मागतात. तिथे आमचं काही जमलं नाही.

नेपाममध्ये (अंगाला चिकटून जळणाऱ्या इंधनाच्या बॉम्बमध्ये) भाजून रस्त्यावर धावणाऱ्या मुलीचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. 8 जून 1972, त्रांग बांग. फान थी किम फुक. आमच्या ग्रुपमधल्या जवळजवळ सगळ्यांची समजूत होती की बॉम्ब अमेरिकनांनी टाकला. टाकला दक्षिण व्हिएतनामच्या स्कायरेडर विमानाने, आणि पडला त्यांच्याच माणसांवर, जवळच त्यांचेच सैनिकही होते. फोटो नीट बघा, मुलांच्या मागे जवान चालताहेत. मग विमान अमेरिकन बनावटीचं, नेपाम अमेरिकेने दिलेलं, पायलट व्हिएतनामी, जबाबदारी कोणाची? यावर आम्ही पंधरा-वीस मिनिटं घालवली असतील. माझं मत, पहिली पायलटची आणि ज्याने त्याला लक्ष्य दिलं त्याची. पुरवणाऱ्याची नंतर, पण येतेच. आज जगात ज्या ज्या युद्धांवर घराघरात भांडणं होतात, त्यांत हा पुरवठ्याचा प्रश्न तसाच उभा आहे, एवढं बोलून आम्ही पुढे सरकलो. नाहीतर रात्र झाली असती.

एजंट ऑरेंज या तणनाशकाच्या दालनात लहान मुलांना नेऊ नका. फोटो आहेत, आणि बरणीत ठेवलेले गर्भही आहेत. 1962 ते 1971 या काळात जंगलं आणि पिकं मारण्यासाठी सात कोटी लिटरहून जास्त तणनाशकं विमानांतून फवारली, त्यांतल्या बऱ्याच भागात डायॉक्सिन हे विष होतं. माझ्यासारख्याला जे माहीत नव्हतं ते मॅडमनी सांगितलं: अमेरिकेच्या स्वतःच्या जवानांनी ती बनवणाऱ्या कंपन्यांवर खटला भरला तेव्हा 1984 मध्ये 18 कोटी डॉलरवर तडजोड झाली. व्हिएतनामी लोकांनी त्याच न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला, तो 2005 मध्ये फेटाळला गेला. फवारणाऱ्याला भरपाई, ज्याच्यावर फवारलं त्याला नाही. नंतर अमेरिकन सरकारने दा नांगच्या विमानतळावरची विषारी माती साफ करून दिली, ते काम 2018 मध्ये संपलं. तेवढं त्यांच्या खात्यावर जमा.

एका काचेच्या पेटीत मेडलं आहेत, 173व्या एअरबोर्न ब्रिगेडमधल्या एका सार्जंटची. त्याने स्वतः पाठवलेली. खाली पट्टीवर लिहिलंय की माझं चुकलं, मला माफ करा. मी जवळ जाऊन बघितलं. पर्पल हार्ट आहे, म्हणजे गडी जखमी झालेला. भाच्याचे डोळे पाणावले. माझे नाही. मेडल परत करायचं की पेटीत ठेवायचं हा ज्याचा त्याचा मामला. माझ्या मनात आलं ते वेगळंच: सार्जंटने माफी मागितली. एच अँड आयचे तिठे ज्यांनी नकाशावर टिपले, मेलेल्यांच्या आकड्यावर युनिटचं यश मोजायचं ज्यांनी ठरवलं, त्यांची मेडलं कुठल्या पेटीत आहेत? मेलेल्यांची मोजणी हेच यश ठरलं की मेलेला प्रत्येक शेतकरी शत्रूच्या रकान्यात जातो. त्यासाठी कोणी कॅली असायला लागत नाही, एक कारकून पुरतो.

म्युझियमचा एक तारा मी कापणार आहे तो इथे. बळी भरपूर दाखवलेत, गुन्हेगारांचे चेहरेही, पण हुकूम कसा तयार होतो ते दाखवलेलं नाही. अंगणात ती तोफ उभी आहे, बाजूला वजन आणि पल्ला लिहिलाय. तिच्या शेजारी एक नकाशा हवा होता, त्यावर आखलेला झोन, सहीची जागा, आणि रात्रीच्या गोळ्यांचं वेळापत्रक. पोरं त्यासमोर 'व्ही' करून उभी राहिली नसती.

अर्धा तारा अजून कापतो तो जे नाही त्यासाठी. 1968 च्या टेट (व्हिएतनामी नववर्षाच्या) हल्ल्यात ह्युए शहर कम्युनिस्टांच्या ताब्यात तीन-साडेतीन आठवडे होतं. नंतर तिथे सामूहिक कबरी सापडल्या, सुमारे 2,800 प्रेतं. सरकारी नोकर, शिक्षक, धर्मगुरू, काही परदेशी डॉक्टरही. यादी घेऊन घरोघर गेले होते. त्याच्या आदल्या डिसेंबरात डाक सोन नावाच्या डोंगरी वस्तीवर व्हिएतकाँगने, म्हणजे दक्षिणेतल्या कम्युनिस्ट गनिमांनी, आगीच्या फवाऱ्यांनी हल्ला केला, 252 माणसं गेली. या इमारतीत यांतलं काही नाही. जिंकलेल्याचं म्युझियम आहे, असणारच, हे मॅडमचं म्हणणं. खरंय. पण मग ते युद्धाच्या अवशेषांचं म्युझियम राहत नाही, समोरच्याच्या गुन्ह्यांचं प्रदर्शन राहतं, आणि पाटी बदलायचे कष्ट फुकट जातात.

आमचा गाईड पस्तिशीचा, इंग्रजी बोलणारा, दिवसभर विनोद करणारा. बाहेर झाडाखाली पाणी पिताना मी त्याला ह्युएबद्दल विचारलं. त्याने आधी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाला, त्याचे आजोबा दक्षिणेच्या सैन्यात होते. 1975 नंतर 'पुनर्शिक्षणा'च्या छावणीत गेले, बऱ्याच वर्षांनी आले. त्यांच्या बाजूच्या मेलेल्यांचा फोटो कुठल्याच भिंतीवर नाही. "पण माय लायचे फोटो खोटे नाहीत," हेही त्यानेच पुढे जोडलं. मी त्याला चांगली टिप दिली.

परतीच्या वाटेवर भाचा म्हणाला, "आपल्या आर्मीत असलं काही होत नाही." मला बरं वाटायला हवं होतं. मी त्याला जाफना हॉस्पिटल सांगितलं. ऑक्टोबर 1987, श्रीलंकेत गेलेली आपली शांतिसेना. हॉस्पिटलमध्ये साठाहून जास्त रुग्ण आणि कर्मचारी मेले, डॉक्टर आणि नर्ससुद्धा. आपलं म्हणणं, एलटीटीईची माणसं आतून गोळीबार करत होती, चकमकीत गेले. वाचलेल्यांचं म्हणणं, चकमक संपली होती. एलटीटीई हॉस्पिटलांचा आणि शाळांचा आडोसा घ्यायची, हे खरं आहे, आणि शत्रूने असा आडोसा घेतला की अर्धा गुन्हा त्याचा. पण अर्धाच. खाटेवरचा रुग्ण त्यामुळे लक्ष्य होत नाही. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही फौजी असून असं बोलता?" फौजी आहे म्हणूनच बोलतो. गोळा कुठे पडतो ते बघायचा मला सरकारने पगार दिला.

मॅडम इथे माझ्या बाजूने नव्हत्या, हे सांगायला हवं. त्यांचं मत, असे हिशेब मांडत बसलं की सगळे सारखेच वाईट ठरतात आणि कोणालाच शिक्षा होत नाही. सत्तर लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकणारा आणि यादी घेऊन घरोघर जाणारा एका तराजूत नकोत, म्हणाल्या. मी म्हटलं, तराजू वेगवेगळे ठेवा, पण ठेवा दोन्ही. जेवणाच्या टेबलावरही हे चालूच होतं. आमची मंडळी वैतागून म्हणाली, "अहो, आधी भात गार होतोय तो बघा." (तिथे 'चाय' असं लिहिलेली हॉटेलं शाकाहारी असतात. चहा मागायला जाऊ नका. माशांचा सॉस नाही ना, एवढं तरी विचारून घ्या.)

आता सगळ्यात चांगलं दालन, जे पाऊण तासवाल्यांच्या हाती लागत नाही कारण ते सगळ्यात वर आहे. या युद्धात आणि त्याआधीच्या फ्रेंच युद्धात मेलेल्या 134 छायाचित्रकारांचे फोटो, दोन्ही बाजूंचे. 1954 मध्ये सुरुंगावर पाय पडून गेलेले रॉबर्ट कापा, 1971 मध्ये लाओसवर हेलिकॉप्टरसह पडलेले लॅरी बरोज, आणि ज्यांची नावं आपल्याला उच्चारता येत नाहीत असे उत्तरेचे कितीतरी व्हिएतनामी. टिम पेज आणि होर्स्ट फास या दोघांनी हा संग्रह जमवला, ते स्वतः याच युद्धात कॅमेरा घेऊन होते. खालच्या मजल्यांवर फोटो पुरावा म्हणून टांगलेत. इथे फक्त माणसं आहेत, थकलेली, चिखलातली, दोन्हीकडची. अख्ख्या इमारतीत दक्षिणेचा जवान माणूस म्हणून दिसतो तो मला इथेच. तेव्हा लिफ्टने किंवा जिन्याने आधी वर जा, हे दालन बघा, मग खाली उतरत या. उलट केलंत तर वर पोचेपर्यंत डोकं बधिर झालेलं असतं.

दुसऱ्या दिवशी कू चीची, व्हिएतकाँगने लढण्यासाठी वापरलेली भुयारं, बेन दिन्हचा भाग. भुयारं पाहण्यासारखी आहेत, गुडघे साथ देत असतील तर आत जा, माझे देत नव्हते. तिथे दाखवतात ती जुनी कृष्णधवल फिल्म ऐका, 'अमेरिकन मारणारा वीर' अशी पदवी कोणाकोणाला मिळाली ते अभिमानाने सांगते. आणि तिथेच शूटिंग रेंज आहे. एके-47 किंवा एम-16, गोळीच्या हिशेबाने पैसे. आदल्या दिवशी माय लायच्या फोटोंपुढे रडलेली मंडळी कान झाकून रांगेत उभी होती. भाचाही. त्याने दहा गोळ्या घेतल्या, त्यातली एकही टार्गेटच्या जवळ गेली नाही. मला विचारलं, "मामा, तुम्ही?" मी नारळपाणी घेतलं.

म्युझियमला पाचपैकी साडेतीन. तिकिटाच्या मानाने पाच, वरच्या दालनाला साडेपाचसुद्धा देईन. टूर कंपनीच्या पाऊण तासाला शून्य. बुकिंग करतानाच किमान अडीच तास लिहून घ्या, नाहीतर मोकळ्या दिवशी स्वतः टॅक्सी करून जा. पंख्यांवर भिस्त ठेवू नका, दुपारी आत उकडतं. दहा वर्षांखालच्या मुलांना अंगणातच ठेवा, कोणीतरी एकाने त्यांच्याजवळ बसायचं आणि मग पाळी बदलायची. आणि तोफखान्यातलं कोणी जात असेल तर एम-107 ची ब्रीच मागून बघून घ्या, चांगली राखली आहे.